माहिती आहे, उत्तर नाही!

मैत्रिणींनो, फेब्रुवारी उजाडला की आपल्या घरांतून एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकू येतो, ‘झालं का पाठ?’ पोळ्या लाटता लाटता आपण तो विचारतो, कपडे वाळत घालताना विचारतो, आणि आतल्या खोलीतून ‘झालं!’ असं उत्तर आलं की आपला जीव भांड्यात पडतो. मीही त्यातलीच. किंबहुना माझा गुन्हा दुहेरी आहे! घरी आई म्हणून मी हा प्रश्न विचारते, आणि आठवड्यातून तीन दिवस शाळेत इतिहासाच्या बाई म्हणूनही विचारते.

पण मध्यंतरी एका मुलीनं मलाच असा एक प्रश्न विचारला, की माझी बोलती बंद झाली. तीच हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

मी लग्न होऊन बोर्डीला आले त्याला आता बारा वर्षं होतील. एका बाजूला समुद्र, सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या, असं आमचं गाव. बी.ए.ला माझा इतिहास होता. धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायला सुरुवात केली. नववी-दहावीचे वर्ग. मुलं चांगली आहेत, पण उत्तरं कशी? तर एका साच्यातून काढलेल्या चकल्यांसारखी! म्हणून यंदा मी ठरवलं, की पुस्तकात तयार सापडणार नाही असा एक प्रश्न सरावाला घालायचा. आपल्याच भागातला. वर्गात दोन तास माहिती सांगितली, टिपणं दिली आणि फळ्यावर लिहिलं:

‘१९४५ सालचा वारल्यांचा लढा हा केवळ मजुरीवाढीचा लढा होता. हे विधान तुम्हांला पटते का? सकारण स्पष्ट करा.’ गुण आठ.

वर्गात तलासरीकडच्या एका पाड्यावरची मुलगी आहे. स्वतः वारली समाजातली. अबोल, पण वही अशी नेटकी की बघत राहावं. तिचं उत्तर दीड पान होतं. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला झालेली किसान सभेची परिषद, गोदावरी आणि शामराव परुळेकर, २३ मे १९४५ रोजी झरी गावात भरलेली वारल्यांची परिषद, वेठ, लग्नगडी, बारा आणे मजुरी, ऑक्टोबरातला गवतकापणीचा संप, १० ऑक्टोबरला तलवाड्याला झालेला गोळीबार, त्यात मेलेली पाच माणसं, त्यातले जेठ्या गांगड. सगळं होतं. एक तारीख चुकलेली नव्हती.

आणि तरीही वाचून झाल्यावर मला कळेना, की हिला ते विधान पटलंय की नाही? मी आठापैकी तीन गुण दिले आणि खाली लाल शाईनं शेरा मारला, ‘माहिती आहे, उत्तर नाही.’ खरं सांगते, आपल्याला काय छान वाक्य सुचलं, असं वाटून मी मनात खूशही झाले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “बाई, एक विचारू? लिहिलंय ते सगळं बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे की.”

“मग उत्तर म्हणजे अजून काय लिहायचं?”

“मुद्देसूद लिहायचं.”

“मुद्देसूद म्हणजे कसं?”

आता काय सांगणार? मला माझ्या बाईंनी ‘मुद्देसूद लिही’ असंच सांगितलं होतं, आणि त्यांना त्यांच्या बाईंनी. मुद्देसूद म्हणजे नेमकं कसं, हे कुणी कधी करून दाखवलंच नव्हतं. मी म्हटलं, “उद्या सांगते हं.” शिक्षकांची ही सर्वांत जुनी पळवाट!

ती गेली, पण मला चैन पडेना. ज्या पोरीच्या घरातल्या माणसांचा हा इतिहास, तिलाच आपण म्हणतो की तुला माहिती आहे पण सांगता येत नाही. आणि कसं सांगायचं ते मात्र शिकवत नाही. हा कुठला न्याय?

माझी सोडवणूक केली ती चौथी शिकलेल्या माझ्या सासूबाईंनी, आणि तीही अंगणात बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची कोळीण पाटी घेऊन आली. संवाद असा झाला:

“अगं, ही पापलेटं आजची नव्हेत.”

“आजचीच हायेत काकी.”

“कशावरून आजची? हे कल्ले बघ. लाल हवेत, ते तपकिरी पडलेत. आणि बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहतोय.”

“बर्फात होती ना, म्हणून तशी दिसतात.”

“बर्फानं रंग थोडा उतरतो, कबूल. पण मांस असं ढिलं पडत नाही. म्हणजे ही कालची आहेत. तेव्हा कालच्या मालाचा भाव लाव.”

कोळीण हसली आणि तिनं भाव उतरवला. मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी! मैत्रिणींनो, नीट बघा. आधी आपलं म्हणणं एका वाक्यात सांगितलं. मग ‘कशावरून’ ते दाखवलं, एक नाही दोन पुरावे. मग समोरचीचं म्हणणं ऐकून घेतलं, त्यातलं खरं तेवढं कबूल केलं, उरलेलं खोडलं. आणि शेवटी ‘म्हणजे’, ‘तेव्हा’ म्हणून निष्कर्ष काढला. सासूबाईंनी काही तिला पापलेटाची सगळी माहिती सांगितली नाही. तो कुठल्या समुद्रात सापडतो, किती दिवस टिकतो, कशाबरोबर चांगला लागतो, हे त्यांना माहीत नाही का? पण त्या घटकेला त्याचा उपयोग नव्हता.

मला मुद्देसूद म्हणजे काय ते कळलं होतं.

वर्गात मासळीचं उदाहरण सांगायचं म्हणजे काहीतरीच, असं कुणाला वाटेल. पण ज्या बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, तिथं तरी असं वाटायला नको. शिंपले, बिया, पानं, जे मुलाच्या हाताशी आहे त्यातूनच त्यांनी मुलांना शिकवलं. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणावरच शाळा नेली. मग मी अंगणातली कोळीण वर्गात नेली तर काय बिघडलं?

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही दोघी तिची वही उघडून बसलो. जे केलं ते क्रमानं सांगते, म्हणजे तुमच्या घरच्या परीक्षार्थींना उपयोगी पडेल.

आधी प्रश्न वाचला. उत्तर नव्हे, प्रश्न! त्यातल्या ‘केवळ’ या शब्दाभोवती तिला गोल करायला सांगितलं. या प्रश्नाचं कुलूप त्या एका शब्दात आहे. मजुरी ही मागणी होती की नाही, असं विचारलेलंच नाही. तेवढी एकच होती का, असं विचारलं आहे. ‘टीप लिहा’ असेल तर माहिती नीट मांडली की भागतं. पण ‘सकारण स्पष्ट करा’, ‘तुमचे मत लिहा’, ‘पटते का’ असं आलं की तिथं आपली बाजू घ्यावी लागते.

मग मी म्हटलं, “आता वही मीट आणि मला सांग, तुला हे विधान पटतं का?” ती बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, “अर्धं पटतं बाई.” मी म्हटलं, “हेच तुझं पहिलं वाक्य!” तिनं लिहिलं, ‘हे विधान मला अर्धेच पटते, मजुरी ही लढ्यातील एक मागणी होती, पण लढ्याचे मूळ वेठीच्या गुलामीत होते.’ बघा, एका वाक्यात तपासणाऱ्याला कळलं की पुढे काय येणार आहे. नाहीतर आपली मुलं ‘प्राचीन काळापासून’ अशी सुरुवात करून मूळ प्रश्नापर्यंत पोचेतो घंटा होते.

मग कारणं. एका परिच्छेदात एकच कारण, आणि त्याच्या खाली लगेच पुरावा. तिचं पहिलं कारण झरीच्या परिषदेचं. झरी म्हणजे आजच्या तलासरी तालुक्यातलं गाव. तिथं ठरलं ते काय? रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर राबायचं नाही. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया, हेही आजच्या मुलांना सांगावं लागतं! पण त्याच्याच जोडीला ठरलं, की फुकटची वेठ करायची नाही, मारहाण झाली तर सोसून घ्यायची नाही आणि सगळ्यांनी एकजूट ठेवायची. आता भांडण केवळ मजुरीचंच असतं, तर मजुरीचा एक ठराव पुरला असता. बाकीचे कशाला झाले असते? हे वाक्य आधीच्या उत्तरात नव्हतं. ठराव होते, पण त्या ठरावांवरून काय सिद्ध होतं ते नव्हतं.

दुसरं कारण लग्नगडीचं. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटायचं नाही आणि माणूस सुटायचा नाही. मुलीनं लिहिलं, ‘ज्या माणसाचे श्रम आधीच गहाण पडले आहेत, त्याचा प्रश्न मजुरी कमी असण्याचा नसून तो स्वतःच मोकळा नसण्याचा आहे.’ मी काही न बोलता त्या ओळीखाली रेघ मारली.

आता ‘कशावरून?’ वेठ होती कशावरून? आमच्या हाताशी दोन साक्षीदार होते. एक गोदावरी परुळेकर. त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण त्या स्वतः लढ्याच्या पुढारी. कुणी म्हणेल, त्या आपल्या बाजूनंच लिहिणार. ठीक. मग दुसरा साक्षीदार घ्या. सिमिंग्टन नावाचा इंग्रज सनदी अधिकारी. मुंबई सरकारसाठी त्यानं १९३० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला. तो काही लाल बावट्याचा माणूस नव्हता. पण त्याच्या अहवालातही जमीनदारांच्या वेठीची आणि मारझोडीची नोंद आहे. दोन टोकांची माणसं एकच गोष्ट सांगतात, तेव्हा तिचं वजन वाढतं. शेजारच्या दोन घरांचं आपसांत पटत नाही, आणि तरी दोन्हीकडून एकच बातमी आली, तर आपण ती खरी मानतोच ना? तसंच हे.

आणि मग ती म्हणाली, “बाई, माझ्या आजीच्या आईनं वेठ केली होती. आजी अजून सांगते. ते लिहिलं तर गुण कापतील?”

या प्रश्नाला घाईनं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही. ऐकीव गोष्ट हा पुरावा आहे, पण तो कुठल्या प्रतीचा, हे सांगावं लागतं. आमच्याकडे बाहरोटच्या लेण्यांचंच बघा. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं या डोंगरात जपला, असं पारशी परंपरा सांगते. पण ही सगळी हकीकत ज्या ‘किस्से-इ-संजाण’ या काव्यात आहे, ते १६०० सालाच्या सुमारास लिहिलं गेलं, म्हणजे पारशी या किनाऱ्यावर आले त्यानंतर कित्येक शतकांनी. म्हणून ते नेमके कोणत्या साली आले यावर इतिहासकारांचं एकमत नाही. तिथं ‘परंपरेनुसार’ हा शब्द घालावाच लागतो. परंपरेचा मान राहतो आणि आपलं विधानही खोटं पडत नाही. पणजीचं सांगणं तर इतकं जुनं नाही. पणजीनं केलं, आजीनं तिच्या तोंडून ऐकलं. मी म्हटलं, “लिही की! पण कुणी सांगितलं, कुणाविषयी सांगितलं ते स्पष्ट लिही. आणि एवढ्यावरच उत्तर उभं करू नकोस. आधीच्या दोन साक्षींच्या पाठीशी ठेव.” तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजून दिसतंय. इतके दिवस तिला वाटत होतं, इतिहास पुस्तकात असतो आणि आजी घरात असते.

आता राहिलं समोरच्याचं म्हणणं. हा भाग मुलं हमखास टाळतात, कारण त्यांना वाटतं आपली बाजू कच्ची पडेल. मी कोळिणीच्या बाजूनं बोलायला लागले, “काय गं, पण ऑक्टोबरातला संप तर दरासाठीच होता ना? पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी मजुरीची नाही तर कशाची?” पाचशे पौंड म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो. गवत तयार झालं की ठरावीक दिवसांत कापावं लागतं. तेव्हाच काम थांबवलं, म्हणून संपाची झळ लागली.

ती विचारात पडली. मग म्हणाली, “बाई, पण वेठीत दर कुठं असतो? वेठ फुकटच. ज्याला फुकट राबायला लावतात, त्यानं ‘एवढे पैसे दे’ म्हणणं म्हणजेच ‘मी वेठ्या नाही’ म्हणणं ना?”

मैत्रिणींनो, हे मला सुचलं नव्हतं. इतिहास घेऊन बी.ए. झाले, पण सुचलं नव्हतं! मजुरीची मागणी हा तिच्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा वाटत होता, तो तिनं आपल्याच बाजूला ओढून आणला. आणि म्हणूनच तिचं ते ‘अर्धं पटतं’ शोभून दिसलं.

शेवटी काटछाट. टिटवाळ्याच्या परिषदेची तारीख या उत्तरात कुठंच बसत नव्हती. “पाठ केलीय बाई, टाकून कशी देऊ?” तिचा जीव तुटत होता. मी म्हटलं, “चिकू निवडताना सगळे एकाच करंडीत भरतात का? जो या करंडीत बसत नाही तो वाईट नसतो, तो दुसऱ्या करंडीतला असतो.” गोळीबाराची हकीकतही तिनं एका ओळीत आणली: जीव गेले तरी लोक हटले नाहीत, तेव्हा हे भांडण चार पैशांपुरतं नव्हतं, असं म्हणायला जेवढी लागते तेवढीच. आणि शेवटच्या परिच्छेदात पुन्हा सगळं न उगाळता, ‘म्हणून मजुरी हे या लढ्याचे दार होते, घर नव्हे’ एवढंच लिहिलं. दीड पानाचं उत्तर एका पानात आलं. मी आठापैकी सात दिले. एक राखून ठेवला, कारण तलवाड्याचं स्पेलिंग, म्हणजे आपलं शुद्धलेखन, घाईत चुकलं होतं!

आता तुमच्या-माझ्या घरची गोष्ट. मुलाची वही हातात घेतली की आपण तारखा तपासतो. त्याऐवजी एवढं करून बघा. उत्तराचं पहिलं वाक्य वाचून मुलाचं मत कळतं का, ते बघा. मग पेन्सिलीनं ‘कारण’, ‘म्हणून’, ‘यावरून’, ‘मात्र’, ‘तरीही’ या शब्दांखाली रेघा ओढा. पानभर उत्तरात अशा दोन-तीनही रेघा आल्या नाहीत, तर समजा, माहितीची नुसती रास आहे. चिरलेली भाजी, मीठ, मसाला, तेल ताटात वेगवेगळं वाढलं तर त्याला कुणी भाजी म्हणत नाही. ‘म्हणून’ ही उत्तराची फोडणी आहे! परीक्षेत मोठ्या प्रश्नाला हात घालण्याआधी दोन-तीन मिनिटं कोपऱ्यात चार शब्द टिपायची सवय लावा: माझं म्हणणं, पहिलं कारण, दुसरं कारण, समोरचा काय म्हणेल. तेवढ्यानं वेळ जात नाही, उलट वाचतो. आणि जेवताना ‘झालं का पाठ?’ याऐवजी ‘कशावरून?’ असं विचारत जा. सुरुवातीला मुलं वैतागतात. आमच्या पाचवीतल्या चिरंजीवांनी तर ‘आज आमटी खारट झालीय’ म्हटल्यावर मी ‘कशावरून?’ म्हटलं, तेव्हा वाटीच माझ्यापुढे सरकवली. पुरावा सज्जड होता, मला हार मानावी लागली!

एक गोष्ट मात्र जाता जाता सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण बायका कोळिणीशी, भाजीवालीशी इतकं नेटकं बोलतो, पण घरात स्वतःसाठी काही मागायचं झालं की काय होतं? एक तर आपण गप्प बसतो, नाहीतर दहा वर्षांपूर्वीपासूनचं सगळं काढून रडतो. म्हणजे माहिती भरपूर, उत्तर नाही! पुढच्या वर्षी तीनऐवजी पाच दिवस तास घ्याल का, असं मला शाळेनं विचारलं होतं. पंधरा दिवस मी ते पोटात ठेवून धुसफुसत होते. त्या मुलीची वही तपासून आले त्या रात्री जेवणं झाल्यावर म्हटलं, “मला पाच दिवस शिकवायचं आहे.” आधी हेच वाक्य. मग दोन कारणं. मग सासूबाईंच्या गुडघ्यांचं आणि दुपारच्या स्वयंपाकाचं, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मीच आधी बोलून टाकलं. त्यावर काय करता येईल तेही सांगितलं. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. हे जरा चकितच झाले. सासूबाई म्हणाल्या, “पाच झेपतील तुला? कशावरून?” आणि मग आम्ही दोघी हसत सुटलो. चार दिवसांवर तडजोड झाली आहे. कालच्या मालाचा भाव म्हणा हवं तर, पण तो मी मागून घेतलेला आहे.

ती मुलगी आता रोज एक प्रश्न सोडवून आणते. तिची वार्षिक परीक्षा अजून व्हायची आहे, गुण किती मिळतील ते मी आज कसं सांगू? पण परवा तिच्या वहीत एक गोष्ट दिसली. मी मारलेला तो लाल शेरा तिनं खोडला नव्हता. त्याच्याखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरांत एवढंच लिहिलं होतं, ‘बाई, कशावरून?’